माणसाच्या नजरेखालून

ताई : पत्राचा शेवट पुन्हा वाच. मोठ्यानं.

बापू : वाचलं ना एकदा, ताई.

ताई : मला वाचता येत नाही म्हणून नाही सांगत. धाकट्या भावाच्या तोंडून ऐकायचंय. वाच.

बापू : ‘रुग्णाच्या घरी सक्षम व्यक्ती उपलब्ध असल्याने मदतनीस देण्याची गरज आढळत नाही. अर्ज नामंजूर. कायद्यानुसार हा निर्णय माणसाच्या नजरेखालून गेला आहे.’

ताई : सक्षम व्यक्ती म्हणजे कोण, तर मी! छप्पन्न वर्षांची, कंबरेला पट्टा बांधलेली. आणि आत एकशे दोन किलोचा नवरा, कमरेखाली नुसतं लाकूड. दर दोन तासांनी कूस बदलायची. मदतनीस यायची तोवर निभत होतं. ती बंद झाली आणि तीन आठवड्यांत यांच्या पाठीला जखम. बोट जाईल एवढी.

बापू : नर्स येऊन गेली ना?

ताई : गेली. म्हणाली, कूस बदलत चला. मी म्हटलं, बाई गं, मग तूच धर एक बाजू. तर तिला पुढच्या घरी जायचं होतं.

बापू : पुन्हा अर्ज करता येतो, ताई.

ताई : ते नंतर. आधी हे सांग, हा माणूस कोण? निकाल देणाऱ्या यंत्रावर मी नाही चिडत, दगडावर डोकं कोण आपटेल! पण हे एका माणसानं बघितलं म्हणतात. तू त्याच कचेरीत आहेस. मला त्याचं नाव हवंय.

बापू : नाव नाही सांगता येत.

ताई : का? एवढा मोठा लागून गेलाय?

बापू : काय करशील नाव घेऊन?

ताई : घरी बोलवीन. एक शिवी देणार नाही. आत यांच्याजवळ खुर्ची देईन आणि म्हणेन, दोन तास बसा फक्त.

बापू : त्याच्या हातात काही नसतं गं. दिवसाला नऊशे अर्ज. एकेकाला अर्धं मिनिट. यंत्राचं उत्तर आधीच वर लिहून येतं, खाली एक बटण असतं. ते दाबत जायचं.

ताई : तुला बरं एवढं माहीत!

बापू : तिथेच बसतो ना मी.

ताई : तू तर म्हणाला होतास, फायली लावायचं काम आहे.

बापू : फायली कधीच गेल्या, ताई.

ताई : बापू, ते बटण दाबणारे किती जण आहात?

बापू : आपल्या भागाला एकच.

ताई : म्हणजे तू.

बापू : हो.

ताई : अरे, मोर्च्यात ‘माणूस द्या, माणूस द्या’ ओरडून माझा घसा बसला होता! यांची चाकाची खुर्ची तूच ढकलत होतास, भर उन्हात.

बापू : झाला ना मग कायदा. प्रत्येक निर्णयाला एक माणूस. त्यामुळेच तर नोकरी लागली मला.

ताई : आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन. आम्हाला दिले ते दोन्ही मिटलेले.

बापू : बोल. काय बोलायचं ते बोल.

ताई : नावं दिसतात का तुला?

बापू : नाही. नंबर असतो. वय, वजन, काय झालंय ते.

ताई : मग तुला तरी काय बोलू? नऊशेतला एक. अर्ध्या मिनिटात कुणाला काय कळणार. जाऊ दे. मी पुन्हा अर्ज टाकते. तुझ्याकडेच येईल ना? या वेळी नीट वाच म्हणजे झालं.

बापू : ताई, वाचला होता मी.

ताई : काय?

बापू : सगळा वाचला होता. लिफ्टच्या खड्ड्यात पडलेला मेकॅनिक, एकशे दोन किलो, घरात फक्त बायको. असे दुसरे कोण असणार?

ताई : ओळखलंस.

बापू : पहिल्या ओळीलाच.

ताई : मग?

बापू : यंत्राच्या विरुद्ध आठवड्यात दोनदाच जाता येतं. तिसऱ्यांदा गेलं की आपलीच चौकशी लागते. वर्षात चौघांना घरी बसवलंय. त्या आठवड्यात एकदा गेलो होतो मी. एक मुलगी होती, गळ्यात श्वासाची नळी.

ताई : आणि दुसरी खेप?

बापू : शिल्लक होती. पण मंगळवार होता. म्हटलं, शुक्रवारपर्यंत याहून वाईट कुणाचं आलं तर? इथे निदान तू आहेस. तू सगळं रेटून नेशील, ठाऊक होतं मला.

ताई : सक्षम व्यक्ती.

बापू : तसं नाही गं.

ताई : तसंच आहे. आलं का मग कुणाचं वाईट?

बापू : नाही.

ताई : मग त्या खेपेचं काय झालं?

बापू : शुक्रवारी गेली. पुढच्या आठवड्यात धरत नाहीत.

ताई : वाया गेली म्हण.

बापू : ताई, आजच अर्ज टाक. या वेळी मी लगेच मंजूर करतो. फक्त दाजींना यातलं काही सांगू नकोस.

ताई : सांगायचं काय राहिलंय? दार उघडं आहे, ते जागे आहेत. ऊठ, हात धू. दोन वाजले. आता त्यांना भिंतीकडे वळवायचंय, तुझं तोंड दिसायचं नाही.