आळीची साखर

"हॅलो?... हॅलो, सातारा?... कोण, अक्का?... अक्का, मी मधू... मधू!... अगं, तुझाच, दुसरा कुठला असणार!... ओरडू नकोस. मध्ये तार आहे, ती नेते आवाज... हो, पण तू इतकी ओरडणार असशील तर तारेचा खर्च कशाला?"

मधुकरने फोन कानापासून वीतभर लांब धरला. तिकडे साताऱ्यात गोदावरीअक्का वकिलांच्या ओसरीवर उभी राहून आयुष्यातला पहिला फोन घेत होती, आणि सातारा-सांगली हे अंतर तिने स्वतःच्या गळ्यावर घेतलं होतं. इकडे मधुकर सांगलीच्या पेठेत, हळदीचे व्यापारी चांदसाहेब यांच्या पेढीवर होता. पेढीतला फोन मूळचा काळा. पण वर्षानुवर्षं पोत्यांच्या शेजारी राहून तो पिवळा पडला होता, आणि जो कोणी कानाला लावील त्याचा कानही तो पिवळा करून सोडी.

"हो, हो... बघितली मुलगी... त्यासाठीच तर आलोय, कृष्णेत डुंबायला नाही आलो... चारुशीला... हो, छान आहे... छान म्हणजे किती छान? अक्का, इथे चार हमाल पोती टेकवून ऐकतायत... बरं, पुष्कळ छान आहे. झालं?... उत्तर? उत्तर अजून नाही. 'विचार करून कळवतो' म्हणाले गंगाधरपंत... तिचे वडील गं. इथेच दिवाणजी आहेत, चांदसाहेबांकडे. चांदसाहेब स्वतः गेलेत विचारायला, येतीलच इतक्यात... नाही, मागच्या दोघांसारखं 'कळवतो' नव्हतं ते... म्हणजे, शब्द तेच होते."

मागची दोन स्थळं अक्काच्या जिव्हारी लागली होती. पहिल्या स्थळाने मधुकरचा पगार विचारला. दुसऱ्याने त्या पगारात हल्ली काय काय येतं ते विचारलं. दोघंही विचार करून कळवणार होते आणि दोघांचाही विचार अजून चालूच होता. मधुकर रेशनिंगच्या कचेरीत कारकून होता. साऱ्या तालुक्याची साखर कागदावरून त्याच्या टेबलावरून जायची, पण टेबलावर कधी मुंगी आली नव्हती. लढाई लांबत चालली होती आणि भाव तिच्याही पुढे धावत होते. अक्का चहाची वापरलेली पूड उन्हात वाळवून पुन्हा वापरी. रॉकेल वाचवायचं म्हणून दिवेलागणीनंतर भाऊ-बहीण एकमेकांना खोकल्यावरून ओळखत. आई गेल्यावर या अक्कानेच त्याला वाढवलं होतं. सासरहून विधवा होऊन परत आली ती त्याच्याचसाठी, असं ती म्हणे, आणि आता "हे स्थळ गेलं तर चौथं शोधायला माझ्या पायात बळ नाही" असं तिने निघताना बजावलं होतं. निघताना आणखीही एक गोष्ट बजावली होती. घोटाळा तिथेच झाला होता.

"सांगतो ना... अगं, ऐक तर... थोडा घोटाळा झाला... साखरेचा... हो, सांगितलं होतंस तू. मोटारीपाशी सांगितलंस. मोटार सुटल्यावर खिडकीशी चालत चालत पुन्हा सांगितलंस... कोळशावरची मोटार ती, तू आणखी थोडी चालली असतीस तर मोटारीच्या आधी कराडला पोचली असतीस... हो, पाठ होतं मला! 'साखर नको, आम्ही बिनसाखरेचाच घेतो.' वाटभर म्हणत आलो. शेजारच्या म्हाताऱ्याने हात जोडून विचारलं, हे कुठल्या देवाचं स्तोत्र म्हणून... मग काय होणार? घेतली... साखर. घेतली मी... हॅलो?... अक्का?... अक्का, आहेस का?"

तार नुसती गुणगुणत राहिली. त्या दिवसांत साखरेची रीत सगळ्या मध्यमवर्गाने न बोलता ठरवून टाकली होती. पाहुणा आला की चहा कोराकरकरीत आणायचा आणि साखरेची वाटी शेजारी ठेवायची. यजमानाने "घ्या" म्हणायचं, पाहुण्याने "नको" म्हणायचं. अब्रू दोघांचीही राहायची आणि वाटीही. त्या रीतीत "घेतो" असं उत्तर कोणी बसवलंच नव्हतं.

"हां, आलीस... बोल... गाढव. बरं... पुढे?... हो, तेही खरं... अगं, पण माझी बाजू ऐकशील की नाही? ती चहा घेऊन आली. मान खाली. सगळे तिला विचारतायत, नाव काय, शिवण येतं का, आणि ती जमिनीला उत्तरं देतेय. माझ्याकडे बघायलाही तयार नाही. मग वाटी पुढे केली आणि मला विचारलं, 'साखर?' आता मला सांग, तिने माझ्याशी बोललेला तो पहिला शब्द. पहिल्याच शब्दाला 'नको' कसं म्हणू? 'हो' म्हटलं... मग ती म्हणाली, 'आणखी?'... रीत म्हणून म्हणाली असेल गं! पण बोलली ना? मी म्हटलं, 'हो.'... अक्का, मी बोलणं वाढवत होतो, चहा गोड करत नव्हतो... तीन... तीन चमचे. चौथ्यांदा तिने विचारलंच नाही."

मधुकरने कपाळावरचा घाम पुसला. पेठेतून हळदीचा एक गाडा गेला. त्याला शिंक आली, ती त्याने दाबली. फोनवर शिंकलं तर पैसे वाया जातात असं त्याला वाटत होतं.

"हसतेस काय? अजून पुढचं ऐक... ती साखर त्यांची नव्हतीच. आळीची होती... आळीची म्हणजे आळीची! साऱ्या आळीत मिळून एकच वाटी. ज्याच्याकडे पाहुणे येतील त्याने न्यायची, पाहुण्यांपुढे ठेवायची, पाहुणे 'नको' म्हणाले की परत करायची... मला काय ठाऊक! मागून चांदसाहेबांनी सांगितलं. आषाढापासून फिरतेय म्हणे. चार बारशी, एक मुंज आणि दोन इन्स्पेक्टर एवढ्यांतून ती वाटी सहीसलामत बाहेर पडली होती, अक्का, आणि मी... हो, मी. आज पाळी रंगूबाईंची होती, त्यांच्याकडे संध्याकाळी विहीणबाई यायच्यात. त्या दारातच उभ्या होत्या, वाटी परत न्यायला. प्रत्येक चमच्याला 'अगं बाई!' म्हणत होत्या. मला वाटलं, मुलीचं कौतुक चाललंय... कोण? गंगाधरपंत? ते पांढरेफटक. मला म्हणाले, 'साहेब...' साहेब, अक्का! मला! कचेरीतला शिपाई मला हाक मारायची झाली तर खडू फेकून मारतो... तेच ना! त्यांना वाटलं, हा रेशनिंगचा माणूस, साखर तपासायला लागला. आणि तपासण्यासारखं होतंच ना त्या वाटीत."

इथे फोनमध्ये खट्ट झालं आणि तिसराच एक आवाज मध्ये आला.

"कोण?... ऑपरेटर? वेळ संपली?... अहो, वाढवा जरा, चांदसाहेबांच्या नावावर मांडा, त्यांची परवानगी आहे... काय म्हणता?... वाटीत काय होतं? सांगतो ना, तेच सांगतोय... हो, तुम्हीही ऐका, आता लपवून काय करू... हॅलो, अक्का? हे ऑपरेटर आहेत. चांगले गृहस्थ आहेत. त्यांनाही काळजी लागलीय... हां, तर तिसऱ्या चमच्याला वाटीचा तळ लागला. आणि तळाला साखर नव्हती. रवा होता... रवा, रवा! शिऱ्याचा!... वर बोटभर साखर, खाली सगळा रवा, वाटी भरलेली दिसावी म्हणून. इतके दिवस कोणी चमचा बुडवलाच नव्हता, कळणार कसं?"

मधुकरला तो क्षण पुन्हा दिसला. चमच्यातून जाड, कोरडा रवा कपात पडला आणि तरंगत राहिला. तेव्हा तिने पहिल्यांदा मान वर केली आणि सरळ त्याच्याकडे बघितलं. त्या बघण्यात लाज नव्हती, विनवणीही नव्हती. 'आता तुम्ही काय करणार?' एवढंच होतं. रेशनिंगच्या कचेरीत तीन वर्षं घालवूनही मधुकरला कोणी इतक्या गंभीरपणे काही विचारलं नव्हतं.

"काय करणार! ढवळला... आणि प्यालो... सगळा. रवा फुगत गेला गं. अर्धा प्यालो, बाकीचा चमच्याने खाल्ला... नाही, चकार शब्द बोललो नाही. गंगाधरपंतांनी विचारलं, चहा कसा झालाय. म्हटलं, चांगला दाट झालाय... तर आणखी काय म्हणू? मग म्हणाले, साखर बरी आहे ना? म्हटलं, सांगलीची साखर जरा सावकाश विरघळते... हसली? कोण, ती?... पदर तोंडाला लावून आत गेली. हसली की रडली ते पाठीवरून समजत नाही. म्हणून तर जीव टांगलाय माझा, अक्का. रडली असेल तर आपण संपलो. तिच्या घरी साऱ्या आळीची वाटी तळापर्यंत उघडी पाडली मी. आयुष्यात एकदाच कोणाच्या घरी साखर घेतली, आणि तीही..."

हमालांपैकी एकाने पोतं पुन्हा उचललं होतं, ते त्याने हळूच खाली ठेवलं. मग अक्का बोलली, आणि पहिल्यांदाच हळू बोलली.

"काय?... मोठ्याने बोल, अक्का... हो, वर साखर, खाली रवा... बोटभर साखर म्हटलं ना... का?... अगं, पण का विचारतेस?... अक्का, तुझा भाऊ इथे... हो, हो, वाटी पितळेचीच होती, उभट. पसरट वाटीत नाही जमायचं, बरोबर आहे... अक्का! तू वकिलीणबाईंनाही सांगतेयस का?... त्या काय म्हणतायत? त्या साबुदाणा घालतात?... म्हणजे गेल्या महिन्यात आपण त्यांच्याकडे 'नको' म्हणालो ती... थांब. थांब, थांब. चांदसाहेब आले."

पेढीच्या दारात चांदसाहेब उभे होते. टोपी काढून ते घाम पुसत होते. चेहरा व्यापाऱ्याचा, तेव्हा त्यावरून भाव कळायची सोय नव्हती. मधुकरने फोन छातीशी धरला. मग अक्काला ऐकू येईल म्हणून पुन्हा तोंडाशी आणला, आणि मग कानाशी न्यायचं विसरून तसाच बोलत राहिला.

"या, चांदसाहेब... हो, अक्काच आहे... बोला तुम्ही, मी तिला सांगतो... गंगाधरपंत काय म्हणाले?... मुलीवर सोपवलंय?... अक्का, त्यांनी मुलीवर सोपवलंय!... आणि ती?... काही बोलली नाही? मग?... जाताना? दारापर्यंत आली?... काय निरोप?... परत सांगा... 'पुढच्या वेळी चमचा तळापर्यंत घालू नका म्हणावं'?... असंच म्हणाली? 'पुढच्या वेळी'? तिचा शब्द, तुमचा नाही ना?... 'पुढच्या वेळी' म्हणाली!... हसत होती? आत गेली तेव्हाही हसतच होती?... आणि गंगाधरपंतांनी ते ऐकून मुहूर्त बघायला पंचांग काढलं?... अक्का! ऐकलंस का? होकार!... अगं, पुढची वेळ आहे, म्हणजे होकारच! होकार, अक्का! मुलगी 'हो' म्हणतेय!... हॅलो?... हॅलो? अक्का?"

फोन मेला होता. पण मधुकरला ते कळायला वेळ लागला. तोवर पेढीवरच्या, पेठेतल्या आणि समोरच्या गुळाच्या अडतीवरच्या सगळ्या लोकांना त्याचं लग्न ठरल्याचं कळलं होतं. चांदसाहेब त्याच्या कानाकडे बोट दाखवून गदगदून हसत होते. उजवा कान पार पिवळाधमक झाला होता. लग्नातली हळद लागायची ती मुहूर्ताच्या आधीच, आणि एकाच कानाला लागून गेली होती.

मधुकर फोनची कडी खटाखटा दाबत राहिला. ही बातमी अख्ख्या सांगलीला कळावी आणि जिने दोन स्थळांची निराशा गिळली तिला कळू नये, हे त्याला काही केल्या पटत नव्हतं.

"हॅलो?... ऑपरेटर? अहो, सातारा तुटलं. जोडा ना पुन्हा... लाइन नाही? उद्यापर्यंत?... अहो, पण तिला शेवटचं ऐकूच गेलं नसेल... काय?... तुम्ही सांगितलंत?... तुटायच्या आधी? स्वतः?... देव तुमचं भलं करो. लग्नाला या... हो, चहाला काय, जेवायलाच या... मग अक्का काय म्हणाली?... रडली? रडायला लागली?... आणि मग?... वकिलीणबाईंनी पाणी दिलं. बरं. आणि रडता रडता काही निरोप... हो? माझ्यासाठी? काय विचारलंय?"

मधुकरने डोळे मिटले. अक्काने लहानपणापासून त्याला काय काय विचारलं होतं ते सगळं त्याला आठवलं. मग त्याने डोळे पुसले, पिवळ्या हातानेच.

"...बारीक म्हणावं. जाड रवा तरंगतो."