तक्षकाच्या दारातली रांग

बोला, जय जय सिद्धनाथ! — अहो, मोठ्यानं! जेवून आलात ना सगळे? मग?

मंडळी, ऐका. आख्यानाला हात घालण्याआधी एक प्रश्न टाकतो तुमच्यापुढं. माणूस क्षुल्लक गोष्टीवरून जिवाच्या आकांतानं का भांडतो? बांधावरून भांडला — समजतं. वाटणीवरून भांडला — तेही समजतं. पण चहात आलं आधी घालायचं की साखर आधी, यावरून दोन जावा सहा महिने बोलत नाहीत! का हसताय माउली? तुमच्याच घरातलं निघालं वाटतं! — तर का भांडतात? खरंच आल्यावरून भांडतात का? विचार करा. मी तोवर पाणी पितो.

तर मिरजेत दोन मित्र होते. एक सदानंद वायचळ, चष्म्याचं दुकान. गिऱ्हाईक नंबर काढायला यायचं आणि गप्पा मारून, चहा पिऊन, नंबर न काढताच परत जायचं! दुसरे हणमंत कुंभोजकर, शाळेत पीटीचे मास्तर, आता निवृत्त. आवाज असा, की मैदानाच्या या टोकाला 'सावधान' म्हणाले तर त्या टोकाची म्हैस ताठ उभी राहायची!

या दोघांना वेड कशाचं? सांगितलं तर विश्वास बसणार नाही. पाळण्यांचं! जत्रेतला पाळणा, चक्री, मौत का कुआँ — लहानपणापासून एक जत्रा चुकवली नाही. वय झालं, केस पिकले, पण वेड जाईना. मग घाटाच्या पायथ्याला ती मोठी बाग झाली, गंधर्वबाग. तिथं लोखंडी रुळावरून पळणारी गाडी आली, नाव 'तक्षक'! उंच चढते, वरून सोडते, उलटं करते, पोटातलं घशात आणते. आणि लोक त्याचे पैसे देतात! या दोघांनी दिले, आणि पुन्हा पुन्हा दिले. त्यांच्यासारखेच आणखी वेडे भेटत गेले, तरुण पोरंपोरी, आणि सगळ्यांनी मिळून एक मंडळ काढलं — झोका मंडळ. भजनी मंडळ असतं, तसं झोका मंडळ! फोनवर त्यांचा ग्रुप. सकाळी उठल्यावर शुभ सकाळ नाही, देवाचा फोटो नाही — कुठल्या गाडीचं वळण कसं, याचीच चर्चा!

आता तक्षकाला रांग मोठी. ऊन, घाम, लोखंडी कठडे. मग बागेच्या मालकानं काय केलं? रांगेतच खेळ मांडले. एक लाकडी पोपट, कोडी घालणारा. उत्तर चुकलं की शिट्टी मारून हसायचा! पायाखाली फरश्या, पाय दिला की सूर निघायचे. आणि एक मोठं चाक, दोन रांगांच्या मधोमध. इकडच्या माणसानं आणि तिकडच्या अनोळखी माणसानं मिळून फिरवलं तरच फिरायचं, आणि भिंतीवरच्या नागाचे डोळे चमकायचे. म्हणजे थांबायचं, पण खेळत थांबायचं.

आणि इथंच मंडळात फूट पडली!

सदानंद म्हणाले, "वा! रांग म्हणजे गाडीचा पहिला अध्याय. खेळ पाहिजेतच!" हणमंत म्हणाले, "कसला अध्याय! लोक पोपटापाशी खोळंबतात, पुढं मोकळी जागा पडते, मागचे उन्हात तळतात. रांगेचं काम एकच. पुढं सरकणं! काढून टाका ती खेळणी." तिसरा पक्ष तरुणांचा. "काका, रांगच कशाला? फोनवर नंबर घ्यायचा, भेळ खात बसायचं, नंबर आला की जायचं."

हसू नका! तुमच्यातही हे तीन पक्ष आहेत. काही जण आत्ताच म्हणत असतील, बुवा, पूर्वरंग कशाला, डायरेक्ट आख्यान सांगा. — आणि काही जण मागं भेळ खातायत, मला इथून दिसतंय!

बरं, वाद म्हटला की दोन दिवस चालतो, विझतो. हा विझेना. सदानंदांनी लिहिलं, की हणमंताला माणसांपेक्षा कवायत प्यारी. हणमंतांनी लिहिलं, की सदाला तोंडाला फेस येईस्तोवर गप्पा मारायला कुणीतरी लागतं, मग तो लाकडी पोपट का असेना! एका बाकावर बसून डबा खाल्लेले मित्र. आता बाजारात समोरून आले की एक भाजी बघायचा, दुसरा आभाळ.

आता मंडळी, मी तुम्हाला एक गुपित सांगतो. मंडळाला ठाऊक नव्हतं, हणमंतांना ठाऊक नव्हतं. गेल्या पावसाळ्यात सदानंदांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेलं, नस तुंबलेली, आत जाळी बसवली. डॉक्टरांनी सांगितलं, "वायचळ, चाला, फिरा, हसा. पण त्या तक्षकाच्या वाटेला जायचं नाही. गेलात, तर मी जबाबदार नाही." घरी येऊन सदानंद बायकोला काय म्हणाले? "सुमन, हे कुणाला सांगायचं नाही." का? लाज! झोका मंडळाचा म्होरक्या, आणि झोक्यावर बसता येत नाही. पोहणाऱ्याला पाण्याची बंदी!

मग करायचे काय? मंडळाबरोबर जायचे. रांगेत उभे राहायचे. पोपटाशी भांडायचे, फरश्यांवर नाचायचे, चाकाला हात लावून पलीकडच्याला 'कुठले तुम्ही?' विचारायचे. आणि दार आलं की, "अरे, पित्त झालंय, तुम्ही बसा." एकदा म्हणाले, "चष्मा घरी राहिला." चष्म्याच्या दुकानदाराचा चष्मा घरी राहिला! आणि बाजूच्या दारानं बाहेर.

आलं का ध्यानात? सगळ्यांना रांग ही गाडीसाठी होती. या माणसाला आता रांगच उरली होती. आणि जिवाभावाचा मित्र म्हणतोय, ती खेळणी उखडून टाका!

म्हणा माझ्याबरोबर —

*दारी उभा कोण, शेजारी पाहावे,*
*दुःख विचारावे, हाच जप।*

ही ओळ कुणा संताची नव्हे हं, माझीच आहे. म्हणून टाळ जरा सांभाळून वाजवा. — पेटीवाले नाना हसतायत. नाना, तुम्ही नुसता सूर धरा!

तर पुढं काय झालं? बागेच्या व्यवस्थापकानं मंडळाला निरोप धाडला. "खेळ दुरुस्तीला आलेत. दुरुस्त करायचे, का काढून टाकायचे? तुम्ही रोजचे येणारे. एकमतानं सांगा. एकमत नसेल, तर मी काढून टाकतो आणि फोनवर नंबर चालू करतो." मंडळाची रेवती तांबवेकर, पुण्यात इंजिनीयर, तिनं तारीख ठरवली. सगळे या, रांगेत उभे राहू, तिथंच ठरवू.

आणि आदल्या दिवशी हणमंतांनी ग्रुपवर एक वाक्य टाकलं. रागात माणूस काय लिहितो बघा! "सदा आता गाडीला भितो. जो पाळण्यात बसत नाही, त्यानं पाळण्याच्या रांगेवर बोलू नये."

बाण! थेट जाळी बसवलेल्या छातीत! सदानंदांनी वाचलं, फोन उलटा ठेवला, आणि मनाशी ठरवलं — उद्या बसायचं. पुढच्या डब्यात. हणम्याच्या शेजारी. जे व्हायचं ते होऊ दे! सुमनबाई म्हणाल्या, "जाताय, पण बसू नका हं." सदानंद म्हणाले, "छे, छे!" नवऱ्यांचं 'छे, छे' कसलं असतं, ते इथल्या आयाबहिणींना मी काय सांगायचं!

दिवस उजाडला. मंडळ रांगेत. पुढं सदानंद, मागं हणमंत, बोलणं नाही. पोपटानं विचारलं, "पाय नाहीत तरी धावतो, तोंड नाही तरी गातो. मी कोण?" सदानंद गप्प! एरवी पोपटाला उलटा प्रश्न करणारा माणूस! रेवती म्हणाली, "काका, ओढा की हो!" सदानंद नुसते पुढं सरकले. चाकापाशी आले, पलीकडून एक बाई हात लावून थांबल्या. सदानंदांनी हात लावला, चाक फिरलं, नागाचे डोळे चमकले, आणि यांनी 'कुठल्या तुम्ही?' विचारलं नाही.

आणि मागं हणमंत काय करत होते? रांग थांबली की या पायावरून त्या पायावर, त्या पायावरून या पायावर. चेहरा आवळलेला. ओरडले, "चला, पुढं सरका!" लोकांना वाटलं, म्हातारा तापट आहे.

दार आलं. गाडी लागली. सदानंद वळले आणि कित्येक महिन्यांनी बोलले, "चल हणमंता. पुढचा डबा." हणमंत म्हणाले, "चल." बसले शेजारी शेजारी. छातीवर दांडा आला, खट्!

आता तिथली एक रीत सांगतो. गाडी सुटण्याआधी तिथला कर्मचारी मोठ्यानं विचारतो, "कुणाला हृदयविकार? मणक्याचा त्रास? चक्कर?" विचारायचं म्हणून विचारतो. आणि झोका मंडळाचा रिवाज असा, की सगळ्यांनी हात वर करून एका सुरात आरोळी ठोकायची, "नाऽऽऽही!" आपण इथं जयघोष करतो ना, तसाच तो त्यांचा जयघोष. आणि त्यात सगळ्यांत वरचा आवाज कुणाचा असायचा? सदानंद वायचळांचा!

त्यानं विचारलं, "कुणाला हृदयविकार?"

"नाऽऽऽही!"

सगळे ओरडले. एक सोडून.

अहो, माणसाचं मन कसं असतं बघा! जीव द्यायला तयार होऊन बसलेला माणूस, पण खोटं बोलायला जीभ उचलेना! हात वर गेला, तोंड उघडलं, आवाज फुटला नाही.

बाकी कुणाला कळलं नाही. एवढ्या कल्ल्यात कसं कळणार? पण शेजारी कोण होतं? जन्मभर हजेरी घेतलेला मास्तर! कवायतीच्या मैदानावर पोरांच्या गर्दीत कोण 'हजर' म्हणालं नाही, ते पाठमोरा असतानाही ओळखणारा कान! हणमंतांनी मान वळवली. सदानंदांच्या कपाळावर घाम. हात छातीच्या दांड्यावर घट्ट. पित्त... चष्मा... बाजूचं दार... एका क्षणात सगळं जुळलं!

गाडीला धक्का बसणार, एवढ्यात —

"थांऽऽब!"

अहो, काय आवाज! कर्मचाऱ्याचा हात बटणावरून उडाला. सगळा फलाट वळून बघायला लागला.

आता हणमंत काय म्हणाले असते? 'हा आजारी आहे, याला उतरवा' — बरोबरच होतं. पण मंडळासमोर मित्राची लाज गेली असती. मास्तर म्हणाले, "मला उतरायचंय. मला त्रास आहे."

कर्मचारी म्हणाला, "कसला त्रास, काका?"

दांडा वर झाला. मास्तर फलाटावर उतरले, आणि भर गर्दीत पँटचा पाय गुडघ्यापर्यंत वर सारला. पोटरीवर निळ्या-जांभळ्या शिरांच्या गाठीच गाठी! जन्मभर मैदानावर उभं राहून झालेल्या. म्हणाले, "चालत राहिलो तर सोसतं. एका जागी थांबलो, की आग होते. कुणाला सांगितलं नाही. पीटीचा मास्तर, आणि उभं राहवत नाही. काय सांगू?" आणि मग हात पुढं केला. "सद्या, मला धरून बाहेर ने रे. एकट्यानं जायला लाज वाटते."

मंडळी! डोळ्यांत पाणी येत असेल तर येऊ द्या. माझ्याही आलंय. मित्राची लाज झाकायला स्वतःची लाज उघडी केली!

सदानंद उतरले. मित्राचा हात धरला. आणि बाजूच्या दारात पोचल्यावर थांबले, वळले, आणि सगळ्या मंडळाला ऐकू जाईल असं म्हणाले, "मलाही त्रास आहे. हृदयाचा. लपवायला नको होतं इतके दिवस."

गाडी गेली रिकाम्या पुढच्या डब्यानं. मंडळातलं कुणीच ओरडलं नाही त्या फेरीत.

बाहेर झाडाखाली दोघं बसले. हणमंत म्हणाले, "गाढवा, सांगायचं नाहीस? मेला असतास शेजारी बसून! सुमनवहिनींना काय तोंड दाखवलं असतं मी?"

सदानंद म्हणाले, "तू तरी सांगितलंस का, पाय जळतात म्हणून? मी म्हणत होतो खेळ ठेवा, कारण मला तेवढंच उरलंय रे. ते काढले, तर मी इथं यायचं कशाला? फाटकाशी उभं राहून तुमच्या किंकाळ्या ऐकायला?"

"आणि मी पुढं सरका, पुढं सरका म्हणत होतो, कारण..."

"कळलं रे. दाखव तो पाय. काय गाठी झाल्यात, अरारा!"

तेवढ्यात रेवती धावत आली. "काका, व्यवस्थापक विचारतायत. खेळ ठेवायचे की काढायचे? मंडळाचं काय मत?" हणमंत म्हणाले, "ठेवायचे. आणि प्रत्येक खेळापाशी बसायला बाक टाका म्हणावं." सदानंदांनी मान हलवली. रेवती म्हणाली, "आम्हा पोरांचंही तेच." एकमत!

बाक टाकले का? — टाकले. प्रत्येक खेळापाशी मागितले होते, दोनच टाकले. मालक शेवटी मालक! पण आजही आठवड्यातून एकदा ते दोघं त्या रांगेत असतात. एक बाकावर बसून पोपटाला उत्तरं सांगतो, दुसरा उभ्यानं ती चुकीची ठरवतो. दार आलं की बाजूनं बाहेर पडतात, चहा घेतात, आणि सुमनबाईंना फोन करतात, "बसलो नाही हं." आता ते खरं असतं.

तर मंडळी, प्रश्न काय होता आपला? माणसं क्षुल्लक गोष्टीवरून का भांडतात? पोपटावरून कोण भांडत होतं हो! एकाची छाती भांडत होती, दुसऱ्याचे पाय भांडत होते. आणि आपण काय करतो? मुद्द्याला मुद्दा, टोल्याला टोला. 'बरोबर कोण' यासाठी रात्ररात्र जागतो. मग ती आलं-साखरवाली जाऊ, तो पंखा लावू न देणारा सासरा, तो प्रत्येक सभेत उठून हरकत घेणारा तुमच्या गल्लीतला कटकट्या माणूस... विचारलंय कधी त्याला, बाबा, कुठं दुखतंय तुला?

आत्ता आरती होईल. मग प्रसादाला रांग लागेल. मला माहितीये, ढकलाढकली होणार, कुणीतरी मागून खेकसणार, 'सरका की पुढं!' तुम्हाला राग येईल. येऊ दे. फक्त उलट खेकसण्याआधी मागं वळा, त्या माणसाच्या पायांकडं बघा, आणि हात धरून त्याला आपल्या पुढं घ्या. त्या हातात आज देव सापडला नाही, तर उद्या मला इथं उभं करू नका.

उठा. आरतीला या. आणि म्हाताऱ्यांना उठताना हात द्या.