कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत

हॅलो?… हां ताई, बोला… नाही, घरीच आहे. आज अर्धा दिवस रजा टाकलीय… हो, नोकरी दातांच्याच दवाखान्यात, अजून तिथेच रिसेप्शनला… हळू कुठे, नेहमीसारखंच बोलतेय. बोला तुम्ही.

…कोण म्हणालं?

…अच्छा. त्यांच्या कामावरच्या जोडीदाराने… नाही, खोटं कशाला सांगू आता. तुमचा भाऊ कामावर जात नाहीये. अकरा महिने होतील.

…चुकलंच, ताई. पण त्यांनी शपथ घातली होती. ताईला कळता कामा नये म्हणून… अहो, ऐका ना. आधी ऐका तर.

लिफ्ट दुरुस्तीलाच गेले होते. नेहमीचं काम, सातवा मजला. लिफ्टच्या टपावर उभे होते आणि एकदम छातीत धरलं. हाताला मुंग्या, श्वास पुरेना, शर्ट घामाने चिंब. जोडीदाराने कसंबसं खाली उतरवलं आणि मला फोन केला, वहिनी, हार्ट अटॅक आहे बहुतेक. मी चपला न घालता धावले… हो… नाही, तसं काही निघालं नाही. रक्त तपासलं, ईसीजीची पट्टी काढली, दोन डॉक्टरांनी बघितलं. हृदय ठणठणीत.

…मीही तेच म्हटलं, सुटलो बाई. आठ दिवसांनी न्हाव्याकडे गेले आणि गळ्यात तो टॉवेल तसाच घेऊन घरी आले. डावीकडचे केस कापलेले, उजवीकडचे नाही. दार उघडलं आणि मी हसले, ताई. खूप हसले… तुम्ही पण हसाल. पण ते भिंतीला टेकून थरथर कापत होते. ते मी नंतर बघितलं.

मग बस सुटली. मग लिफ्ट सुटली, चौथ्या मजल्यावर जिन्याने चढतात. मग रस्ता… रस्ताच, हो. फाटकाबाहेर पाय पडेना.

…घाबरट? बावीस वर्षं दोराला लटकलेला माणूस, ताई. त्यांना घाबरट म्हणू नका… वेडबिड काही नाही. आजार आहे, त्याला नाव आहे. भीतीचे झटके येतात. आणि पुढे झटका राहतो बाजूला, तो पुन्हा येईल ह्याचीच धास्ती बसते. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा हे स्वतःच म्हणाले, कळलं, लिफ्ट नीट चाललेली असताना सेफ्टी ब्रेक पडतो, तसं. बघा, कळतं सगळं. कळून उपयोग होत नाही… गोळ्या चालू आहेत. थोडा फरक आहे.

…मन खंबीर करा, हे सांगून झालं. चार लोकांत मिसळा, तेही झालं. काही होत नाही हो, असं मी दिवसातून पन्नास वेळा म्हणत होते.

…सोबत? सोबतच केली, ताई. अकरा महिने दुसरं काय केलं? बाजार मी, बँक मी, त्यांना कुठे जायचं तर दंडाला धरून मी. बाथरूमला कडी लावत नाहीत, म्हणून मी बाहेर उभी. आणि गेल्या महिन्यात डॉक्टरांनी सुचवलेल्या समुपदेशक बाई काय म्हणाल्या माहितीये? तुम्ही बरोबर असता म्हणून आपण वाचतो, असं त्यांच्या मनाने पक्कं धरलंय. मायेपोटी करताय, पण त्यावर भीतीच पोसली जातेय… हो ना. मलाही राग आला. दोन दिवस जेवण गेलं नाही.

म्हणून हे ठरलंय. रोज चार वाजता एकट्याने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं, काहीतरी घ्यायचं, परत यायचं. फोन न्यायचा नाही. मी खाली उतरायचं नाही… आज पहिलाच दिवस… आत्ता, ताई. आत्ताच गेलेत. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी आहे.

…दिसतात ना. फाटकाबाहेर गेले. ती निळी गाडी उभी आहे, तिथवर. तिच्या टपावर हात टेकून उभे आहेत… दहा मिनिटं झाली असतील.

…नाही, जायचं नाही मला… ताई, मला कळत नाही का? चार जिने तर आहेत. एका मिनिटात पोचेन… झटका आला तरी तो ओसरतो, वीस मिनिटं, फार तर अर्धा तास. तो आपोआप ओसरला हे त्यांचं त्यांना दिसलं पाहिजे. मी गेले तर…

थांबा. खाली बसले… रस्त्याच्या कडेला. एक बाई थांबल्यात, काहीतरी विचारतायत. हे मान हलवतायत, नको म्हणून… गेल्या त्या.

…रागवा, ताई. तुम्ही मोठ्या आहात. पण मला जा म्हणू नका. तुम्ही आणखी एकदा म्हणालात ना, तर मी जाईन.

…

वर बघतायत. माझ्याकडेच… हात? नाही, हात नाही केला. नुसतं बघतायत.

…मी खाली बसले. ओट्याखाली, फरशीवर… त्यांना दिसू नये म्हणून. आणि मलाही बघवेना… काही माहीत नाही आता काय करतायत. तुम्ही बोलत राहा काहीतरी. काहीही बोला.

…हो… हो… लहानपणी असतील, हो…

जिन्यात पावलं वाजतायत. एक मिनिट, फोन ठेवू नका.

……

हॅलो… हां, ताई. आले… नाही, दुकानापर्यंत नाही. हात रिकामेच. बुटांसकट बाथरूममध्ये गेलेत. नळ मोठा सोडलाय, मला ऐकू जाऊ नये म्हणून… बोलले. दारात एवढंच म्हणाले, “तू बघत होतीस ना. मग आली का नाहीस?”

…काय सांगणार? बाजूला झाले, आत येऊ दिलं.

…तुम्ही नका रडू, ताई… नाही, कडी लावलेली नाही. बाहेरच उभी आहे मी… हे चूक की बरोबर, ते बाईंना विचारायचं राहिलंय.

…उद्या? उद्या पुन्हा. चार वाजता… हो, रोजच… बघू, ते तयार झाले तर.

नळ बंद झाला. ठेवते, ताई.