गार वाफ्यात सोडलेली गांडुळं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे माननीय संचालक, व्यासपीठावर बसलेल्या सन्माननीय पाहुण्या, ज्यांना आज आपण निरोप देतो आहोत त्या मृदाशास्त्र विभागाच्या आमच्या बाई, पहिल्या रांगेत बसलेले त्यांचे यजमान, आणि प्रयोगशाळेतल्या, कार्यालयातल्या, शेतावरच्या माझ्या सर्व सहकाऱ्यांनो,

माझ्याआधी पाच जण बोलले. सगळे शिकलेले, सगळे छान बोलले. मी पडलो शेतावरचा सहायक, मला माईकपेक्षा फावडं बरं धरता येतं. सूत्रसंचालकांनी मला तीन मिनिटं दिली आहेत आणि मामा, दोन गोड शब्द बोला, असं बजावलंय. गोड शब्द माझ्याकडे नाहीत. जे आहे ते आठ-नऊ वर्षं पोटात ठेवलंय, आणि ते बाहेर काढल्याशिवाय मी खाली बसणार नाही. तीनाची चार मिनिटं झाली तर सांभाळून घ्या.

बाईंचा प्रयोग तुम्हाला ठाऊक आहे. बारा वाफे. सहा दरवर्षी नांगरायचे. उरलेल्या सहांना नांगर लावायचाच नाही, पिकाचा पाला तिथेच पसरून ठेवायचा. कुठली माती जास्त जिवंत राहते ते पाहायचं. वर्षातून दोनदा प्रत्येक वाफ्यात हातभर खड्डा घ्यायचा, माती पत्र्याच्या तबकात ओतायची, गांडुळं मोजायची, त्यांचं वजन करायचं आणि पुन्हा त्याच खड्ड्यात सोडायची. हे काम माझं.

नांगरलेल्या वाफ्यांत ना सावली, ना ओल. तापलेल्या ढेकळांत ते मऊ जीव परत टाकायला माझा हात धजेना. मग मी काय केलं? बादलीत ओला पाला घातला आणि सगळी गांडुळं नेऊन शेजारच्या पाल्याखालच्या गार वाफ्यात सोडली. एकदा-दोनदा नाही, आठ वर्षं. मला वाटे, आपण पुण्य जोडतोय.

इथले शास्त्रज्ञ कपाळावर हात मारून घेताहेत, ते मला दिसतंय. बरोबर आहे. एका वाफ्यातली उचलून मी दुसऱ्यात टाकत होतो आणि पुढच्या वेळी तिथे तीच पुन्हा मोजत होतो. बाईंच्या तक्त्यात न नांगरलेल्या वाफ्यांतली गांडुळं सातपट दिसायला लागली. शोधनिबंध छापून आला, लांबलांबून कौतुकाची पत्रं आली आणि विभागप्रमुख म्हणून बाईंचं नाव वर गेलं.

त्याच आठवड्यात अवजारांच्या खोलीत चहा पिताना मला फुशारकी सुचली. म्हटलं, बाई, इतक्या वर्षांत मी एकही जीव मरू दिला नाही, सगळी गारव्याला नेऊन सोडली. बाईंनी कप खाली ठेवला. कधीपासून, असं विचारलं. पहिल्या दिवसापासून, असं मी छाती काढून सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. स्टूल पुढे ओढून बसल्या, मला सगळं पुन्हा सांगायला लावलं आणि वहीत उतरवून घेतलं. लिहिताना त्यांचा चेहरा पाहिला तेव्हा कुठे मला कळलं की आपल्या हातून काहीतरी भयंकर झालंय.

दुसऱ्या दिवशी त्यांनी निबंध मागे घेतला. पत्रात लिहिलं, “मोजणीच्या पद्धतीत माझी चूक झाली.” माझं नाव कुठेही नाही. पद दुसऱ्याला गेलं. मी तेव्हा रोजंदारीवर होतो. नाव आलं असतं तर त्याच दिवशी घरी बसलो असतो. असं का केलंत, म्हणून मी हात जोडून विचारलं, तर म्हणाल्या, “मामा, त्याच खड्ड्यात सोडा, एवढंच मी सांगितलं. का, ते कधी सांगितलंच नाही. मग चूक कोणाची?” आणि त्या नोकरीत आहेत तोवर मी हे कुठेही बोलायचं नाही, अशी वर ताकीद.

मग पुन्हा पहिल्यापासून आठ वर्षं. या वेळी प्रत्येक गोष्टीचं कारण मला समजावून. आकडा आला दुपटीहून थोडा जास्त. सातपटीला टाळ्या देणाऱ्यांनी दुपटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पण तो आकडा आजवर कोणाला खोडता आलेला नाही, आणि तो खरा आहे, कारण या वेळी मी कुठेही लुडबुड केली नाही.

मधल्या काळात चहाच्या टेबलावर बाईंचं काय नाव पडलं होतं, ते या सभागृहाला माहीत आहे. सातपट बाई. सातपट बाईंना गांडुळं मोजता येत नाहीत. बोलणारे आजही इथे बसलेत. मी बोट दाखवत नाही, मला तो हक्कच नाही. कारण एकदा बाई दारातून आत येत असताना कोणीतरी ते बोललं, आणि सगळ्यांबरोबर मीही हसलो. त्यांनी ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. उद्या सकाळी लवकर या, खड्डे घ्यायचेत, एवढं सांगून गेल्या.

बाई मला खूण करताहेत, बसा म्हणून. बाई, आयुष्यात दुसऱ्यांदा मी तुमचं ऐकणार नाही.

संचालकसाहेब, हा कागद घ्यावा. जे बोललो ते सगळं यात लिहून खाली सही केली आहे. बाईंच्या कागदपत्रांत जिथे त्यांची चूक असं लिहिलंय, तिथे हा जोडावा, एवढी विनंती. माझी नोकरी दोन वर्षं राहिली आहे. तिचं काय करायचं ते आपण ठरवा, माझी तक्रार नसेल.

संयोजकांनी मला बोलू दिलं, तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी मनापासून आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभागृहाने मोठ्या मनाने पोटात घालावं. गांडुळांचं जे केलं ते बाईंनी तेव्हाच माफ केलं. पण त्या दिवशी हसलो, त्याची माफी मी आजवर मागितलेली नाही. बाई, ती आज सगळ्यांसमोर मागतो.