आट्यांचा कनेक्टर आणि खंडेनवमीचा नारळ

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, कारखान्याचे संचालक माननीय यादव साहेब, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती सावळीराम गांगुर्डे, त्यांच्या पत्नी कुसाबाई, आणि समोशांचा वास येत असूनही जागा न सोडणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

मी साधना कोठावदे, मेंटेनन्सची प्रमुख. सावळीराममामांच्या सत्तावीस वर्षांच्या सेवेबद्दल चार चांगले शब्द बोला, असं मला सांगितलंय. ते बोलेनच; पण आधी एक जुनी गोष्ट.

तीन वर्षांपूर्वी सिन्नरच्या या कारखान्यात नवी असेंब्ली लाईन आली. मशीनवरच्या नेटवर्कच्या केबलींना कनेक्टर कोणता लावायचा, यावर मीटिंग झाली. मी म्हटलं, घरच्या राउटरला असतो तो क्लिपचा, आरजे-४५. लॅपटॉप थेट जोडता येतो, आणखी काय हवं? मामा मागून म्हणाले, "मॅडम, मशीनवर आट्यांचा एम-१२ लावा. फिरवून घट्ट बसतो, आत रबरी रिंग असती. क्लिपचा हाफिसात ठीक हाय."

मी म्हटलं, "मामा, लाईन कोरडी आहे. पाणी येणार कुठून?"

"खंडेनवमीला येईल ना."

सगळे हसले. सर्वांत मोठ्यांदा कोण हसलं असेल? आपली मॅडम! आणि लाईनवर लागले क्लिपचेच.

खंडेनवमीला मशीन पुसली, हार घातले. प्रमुख म्हणून नारळ फोडायचा मान माझा. मी मशीनच्या पायाशीच फोडला, आणि पाणी उडालं थेट कनेक्टरवर. दसऱ्याच्या सुट्टीनंतर लाईन सुरू झाली, बंद पडली, पुन्हा सुरू, पुन्हा बंद. दोन दिवस हाच खेळ.

वरून कारण विचारलं गेलं. मी रिपोर्टात लिहिलं: केबल नीट बसवलेली नव्हती. केबल बसवणारे होते मामा. त्या वर्षी सुपरवायझरसाठी त्यांचं नाव पुढे गेलं होतं. ते मागे आलं, ते कायमचंच.

पुढच्या शटडाऊनला, लाईन दुरुस्तीसाठी बंद असताना, मामांनीच बेचाळीस एम-१२ बसवले. एकही आजवर बिघडलेला नाही. मला एका शब्दानं बोलले नाहीत. गेल्या आठवड्यात मी धीर करून विचारलं, तेव्हा का गप्प राहिलात? म्हणाले, "नारळ देवाचा व्हता, मॅडम. त्यात तुमचं नाव कसं घेऊ?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. लाज वाटली, आजही वाटते. तो रिपोर्ट मी काल दुरुस्त करून माझ्या नावावर घेतलाय; यादव साहेबांनी त्यावर सही केली, त्यांची मी आभारी आहे. पण मामा आज टेक्निशियन म्हणूनच निवृत्त होताहेत. ते मला आता बदलता येत नाही.

तुम्ही सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सांभाळून घ्या. पण रिपोर्टाची माफी मी सभेकडे मागत नाही. मामांनी तर ती न मागताच दिली. कुसामामी, सुपरवायझरची बायको म्हणवून घ्यायचा मान मी तुमच्याकडून काढून घेतला. मला माफ करायचं की नाही, ते तुम्ही ठरवा.