आडवी कबर

बंधूंनो, मायबहिणींनो,

या लहानशा प्रार्थनामंदिराच्या अंगणात आज गाव मावत नाही. आपली सात ख्रिस्ती घरं तर आलीच, पण पाटील आलेत, बौद्ध मंडळी आली, रहीमचाचा त्या कडुनिंबाखाली बसलेत. याकोबबाबांनी ज्यांच्या ज्यांच्या शेतात विहीर खोदली, ते सगळे आलेत. मला सभेत बोलायची सवय नाही. मी सरकारी दवाखान्यातला कंपाउंडर. बाटलीला डोसाची कागदी पट्टी चिकटवायची आणि "दिवसातून तीनदा" म्हणायचं, एवढंच माझं भाषण. आणि खरं सांगू? इथं बोलायचा हक्क सगळ्यांत कमी कुणाचा असेल तर तो माझा. सात वर्षं मी या मंदिराची पायरी चढलो नाही. पण बाबांची लेक मार्था काल घरी आली आणि म्हणाली, "दादा, तुमीच बोला." म्हणून उभा आहे.

आमची एक रीत आहे. सगळ्यांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आम्ही आमचा माणूस मातीत ठेवतो तो पाय पूर्वेकडं करून. प्रभू येईल तेव्हा मेलेले उठतील, आणि उठतील तेव्हा त्यांचं तोंड उगवतीकडं असावं, म्हणून. ईस्टरच्या पहाटे आम्ही सगळे कबरस्तानात जातो. जो तो आपल्या माणसाच्या उशाशी उभा राहतो आणि सूर्य वर येईपर्यंत गाणी म्हणतो. या गावात कबर खोदायचं काम याकोबबाबांचं. विहिरी खोदणारा माणूस. दोन खुंट्या ठोकायचे, दोरी ताणायचे, सूर्याकडं एक डोळा बारीक करून बघायचे आणि मगच कुदळ घालायचे. त्यांची दोरी कधी चुकली नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच पावसाळ्यात माझी सारा गेली. तीन दिवसांच्या तापात गेली. आठ दिवस आभाळ उघडलं नव्हतं. नाल्याला पूर, पाळकसाहेबांना प्रार्थनेला येता येईना. बाबा स्वतः तापानं फणफणलेले. अशा वेळी कोण धावून आलं? मुसलमान वस्तीतल्या कबरा खोदणारे हे रहीमचाचा. भर पावसात, कुणी न बोलावता आले. जुन्या भागात पाणी साचलेलं, म्हणून त्यांनी पलीकडच्या कोपऱ्यात उंच जागा पाहिली आणि खोदलं. आयुष्यभर जसं खोदत आले तसं खोदलं. त्यांच्या लोकांची कबर उत्तर-दक्षिण असते. मी प्रार्थना म्हटली, माती टाकली. मला कुठं काय दिसत होतं तेव्हा?

दिसलं ते पुढच्या ईस्टरला. मी साराच्या उशाशी उभा राहिलो. गाणं सुरू झालं. सूर्य वर आला, आणि तो माझ्या समोर नव्हता. डाव्या हाताला होता. सगळ्या कबरा उगवतीकडं, आणि माझी सारा एकटी आडवी.

मी काय केलं ते तुमच्यातल्या पुष्कळांनी पाहिलंय. गाणं थांबवलं. बाबांच्या अंगावर धावून गेलो. म्हटलं, कबर उकरा, तिला सरळ करा. बाबा म्हणाले, "नाही शांतवन, निजलेल्या माणसाले मी हलवत नाही. ज्याले उठवायचं हाय, त्याले दिशा समजते." मी म्हटलं, "तुम्हाला बोलायला काय जातं? तुमचं कोण पडलंय असं?"

मंडळी, हे मी याकोबबाबांना बोललो! तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा शमुवेल विहीर खोदताना दरड कोसळून आत गेला. चार दिवस माती उपसली, तेवढीच पुन्हा कोसळली. तो हाती लागलाच नाही. त्याला ना कबर, ना दिशा. हे मला ठाऊक होतं, पण रागाच्या घडीला आठवलं नाही. बाबांनी आठवणही करून दिली नाही. नेहमी खांद्यावर असायची ती दोरी काढली आणि गुंडाळत बसले. ती दोरी गुंडाळणारे हात मला अजून दिसतात.

त्यानंतर दर ईस्टरला मी पहाटेची एसटी धरून मोताळ्याला बहिणीकडं जाऊ लागलो. लोकांना सांगायचो, बहिणीनं बोलावलंय. बहिणीनं कधी बोलावलं नव्हतं. पुनरुत्थान, आशा, सगळं मी त्या कोपऱ्यात पुरून टाकलं होतं. रहीमचाचा, तुमच्या दारावरून मी सात वर्षं रोज दवाखान्यात गेलो आणि एकदाही सलाम केला नाही. तुम्ही पावसात भिजून माझ्या बायकोला जागा दिली, आणि मी तुम्हाला हे दिलं. चारचौघांत सांगतो, चुकलो.

महिन्यापूर्वी मार्था दवाखान्यात आली. म्हणाली, "बा तुमची आठवण काढून राह्यले. येऊन जा एकडाव." मी बाटली भरली, पट्टी चिकटवली आणि म्हटलं, "ईस्टरला येतो म्हणून सांग." दवाखान्यापासून त्यांचं घर किती लांब? विडी संपायच्या आत माणूस पोचतो. पण मला वाटलं, जे बोलायचं ते कबरस्तानातच बोलू, जिथं तोडलं तिथंच जोडू. ईस्टर तीन आठवड्यांवर आलाय. बाबा गुरुवारी गेले.

शुक्रवारी सकाळी मी आणि रहीमचाचा कबर खोदायला गेलो. चाचांचे हात आता थरथरतात, आणि मी कुदळ कधी धरली नव्हती. चाचा मला म्हणाले, "कंपौंडर साब, अबकी बार दिशा तुम बताओ. मैं वैसाच खोदता." बाबांचीच दोरी घेऊन मी खुंटी ठोकत होतो. एवढ्यात मार्था आली.

म्हणाली, "दादा, उगवतीकडं नका खांदू. बानं सांगून ठेवलं हाय, सारावैनीच्या बाजूले, तिच्यासारखीच आडवी खांदा."

मी विचारलं, "काऊन?"

मग ती सांगू लागली. मी मोताळ्याला पळायचो, त्या दर ईस्टरला बाबा साराच्या उशाशी उभे राहायचे. तिचं कुणी आलेलं नसायचं, आणि मुलाच्या उशाशी उभं राहायला बाबांना कबरच नव्हती. शमुवेलसाठी आणि सारासाठी ते एकाच जागी उभे राहून गायचे. आणि गेल्या आठवड्यात मार्थाला म्हणाले, "शांतवनच्या मनातून ते जात नाही. सारा एकटी आडवी काऊन राहीन? मी निजतो तिच्या बाजूले. हाक आली का आमी दोघं संगंच वळू."

मी दोरी सोडली, खुंट्या उपटल्या. चाचा आणि मी आडवी कबर खोदली.

जन्मभर ज्यांनी दुसऱ्यांना उगवतीकडं निजवलं, ते स्वतः आडवे निजलेत. माझ्यासाठी निजलेत. मी जाऊन दोन शब्द बोललो असतो, तर कदाचित त्यांना हे करावं लागलं नसतं. हे आता माझ्याबरोबर राहील. पण शुक्रवारी माती टाकताना, सात वर्षांत पहिल्यांदा, मला वाटलं की सारा उठेल. का वाटलं ते सांगता येत नाही. वाटलं, एवढं खरं. या ईस्टरला मी एसटी धरणार नाही. दोघांच्या मधे उभा राहीन. गळा चालला तर गाईन.

आता सगळ्यांनी दोन मिनिटं उभं राहू या. आमचे लोक अशा वेळी उगवतीकडं वळतात. आज वळू नका. ज्याचं तोंड जिकडं आहे तिकडंच राहू द्या. ज्याला हाक मारायची आहे, तो आपल्याला शोधील.

बाबा, सात वर्षं तुम्हालाही करायचा राहून गेला होता. सलाम.