घरात राहतं कोण

(वकिलाचं ऑफिस. टेबलापलीकडे वकीलबाई. अलीकडे पन्नाशीचा भाऊ आणि त्याची मोठी बहीण. दोघांच्या मधली खुर्ची रिकामी.)

भाऊ : ...एक सही हो, वकीलबाई! एक सही करायला हिला काय होतंय? नवी बँक कमी व्याजानं कर्ज देतेय, जुन्या बँकेचं देणं फिटतंय, वर माझ्या लॉन्ड्रीला कपडे वाळवायचं मोठं मशीन येतंय. सगळं जुळून आलंय आणि ही पेन हातात घेऊन बसलीय.

ताई : पेन टेबलावर आहे. नीट बघ.

भाऊ : बघा. हे असं चाललंय सकाळपासून.

वकीलबाई : हा कागद कशाचा आहे, ते सांगितलंय का तुम्ही ह्यांना?

भाऊ : सांगितलं ना. बँकेचा आहे म्हणून.

ताई : "ताई, इथे सही कर, मला दुकान उघडायचंय." एवढंच. तेही एक पाय चपलेत घालून.

वकीलबाई : मग मी सांगते. घर तुमच्या भावाच्या एकट्याच्या नावावर आहे. ते आता नव्या बँकेकडे गहाण राहणार. अशा वेळी त्या घरात राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाची संमती बँक मागते. यांच्या पत्नीची सही झालीय. हा तुमचा कागद. यावर सही केलीत आणि पुढे हप्ते थकले, बँक घर ताब्यात घ्यायला आली, तर "मी इथे राहते, माझा हक्क आहे" असं तुम्हाला म्हणता येणार नाही. सामान उचलायचं आणि निघायचं.

ताई : कुठे?

वकीलबाई : ते कागदात नसतं.

भाऊ : थकतील कशाला हप्ते? उगाच अभद्र बोलू नका. आजवर एक तरी चुकलाय का?

ताई : लॉन्ड्रीचं वायरिंग जळालं त्या वर्षी? तेव्हा कोणी भरले? तुझ्या बायकोला विचार. तिला आठवत असेल.

भाऊ : काढ, उणीदुणी काढ इथे! हेच करायला आलीस. बँकेचा माणूस घराची किंमत ठरवायला आला, तर हिनं काय करावं, वकीलबाई? त्याला भिंतीची ओल दाखवली. कपाट सरकवून!

ताई : त्याने विचारलं, ओल आहे का. मी म्हटलं, आहे.

भाऊ : आणि कपाट?

ताई : त्याच्या एकट्याच्याने सरकत नव्हतं.

भाऊ : ऐका! घराची किंमत पाडली त्याने. हिच्यामुळे. हसू नका हो तुम्ही.

वकीलबाई : हसले नाही. पण ओल लपवायची नसते. आणि लपवण्याचंच म्हणाल तर मी तुम्हाला त्यासाठीच बोलावलंय. बँकेच्या अर्जात सरळ प्रश्न होता, घरात आणखी कोण राहतं? तुम्ही लिहिलंत, कोणी नाही.

भाऊ : मला वाटलं, नावावर कोण आहे ते विचारतायत.

वकीलबाई : राहतं कोण, असं विचारलंय. त्या माणसाने कळवलं नसतं तर मीही तसंच पुढे पाठवलं असतं. कर्ज मिळाल्यावर हे उघडकीला आलं असतं, तर बँकेनं तुम्हाला खोटं बोललात म्हणून धरलं असतं.

ताई : नुसतं लिहिलं नाही त्याने. तोंडाने बोलला. तो माणूस माझ्या खोलीत उभा होता. हा दुकानातून धावत आला, धापा टाकत, आणि म्हणाला, "ही माझी बहीण, पाहुणी आलीय चार दिवस." माझ्यासमोर! खोलीत माझं शिलाई मशीन, माझा पलंग, दोरीवर माझे गाऊन वाळतायत. त्या माणसाने एकदा मशीनकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नान्या, त्याला लाज वाटली रे. त्या परक्या माणसाला! तुला नाही वाटली.

भाऊ : मी घाबरलो होतो. बँकेत अर्ज भरून घेणारा पोरगा म्हणाला, घरात जास्त माणसं असली की भानगडी वाढतात, वेळ लागतो.

ताई : म्हणून भानगड झाकलीस.

भाऊ : शब्दात पकडू नकोस. कधी काही कमी केलंय का मी तुला? वेळच्या वेळी ताट मिळतं.

ताई : आणि स्वयंपाक करतं कोण? तुम्ही दोघं दुकानात, तेव्हा ताट काय आपोआप वाढलं जातं?

वकीलबाई : जरा आवाज कमी करा. बाहेर लोक बसलेत.

ताई : बसू देत. वकीलबाई, मला एक सांगा. माझा काही हक्क आहे का त्या घरावर?

वकीलबाई : मी नाही सांगू शकत.

ताई : का? तुम्हाला ठाऊक नाही?

वकीलबाई : मी तुमच्या भावाची वकील आहे. तुम्हाला दुसऱ्या वकिलाकडे जावं लागेल. तेही एकटीनं. भाऊ खोलीत नसताना.

भाऊ : म्हणजे आता माझ्याविरुद्ध वकील लावायचा?

वकीलबाई : विरुद्ध नाही. पद्धतच आहे ती. लोक घरच्यांसाठी डोळे मिटून सह्या करतात आणि मग याच खुर्चीत बसून रडतात. मला कंटाळा आलाय ते बघून.

भाऊ : पण हक्क कसला? घर माझ्या नावावर आहे!

ताई : घर घेताना सुरुवातीची रक्कम कोणी दिली? माझ्या शाळेतल्या नोकरीचा फंड मी मुदतीआधी मोडला. तू म्हणालास, "ताई, एकाच्या नावावर केलं की कर्ज लवकर होतं, मागाहून तुझं लावू." ते मागाहून कधी आलंच नाही.

वकीलबाई : ते पैसे तुम्ही उसने दिले होते, का घरात घातले होते? यात फार फरक पडतो.

ताई : कोणी विचारलंच नाही. बहीण भावाला देते तेव्हा विचारतं का कोणी?

वकीलबाई : तेव्हाच विचारायला हवं होतं. आणि हे तुमच्या वकिलाला सांगा. माझ्यासमोर सांगू नका.

भाऊ : म्हणजे आहे! हक्क आहे हिचा. तुमच्या तोंडावर दिसतंय. ताई, दावा लावणार तू माझ्यावर? मी तुला आईच्या जागी मानतो.

ताई : मानू नकोस. आईच्या जागी मानलं की काहीच लिहून द्यावं लागत नाही. मला नावाची जागा दे.

भाऊ : काय?

ताई : घरावर माझं नाव लाव. तुझ्या नावाशेजारी. मग तुझं मशीन आण, चादरी वाळव, मी एक सोडून दहा सह्या करते.

वकीलबाई : थांबा, हे मी तुमच्या भावासमोरच बोलते, म्हणजे नंतर कोणी काही म्हणायला नको. नाव लागलं की नुसतं घर मिळत नाही. कर्जही तुमचं होतं. हप्ते थकले तर बँक तुमच्याही मागे लागणार. या वयात.

ताई : लागू दे. बुडालो तर दोघं बुडू. आत्ता कसं आहे, बुडणार मी पण, आणि कागदावर मी नाहीच. दुसऱ्या वकिलाकडे जाईन, त्यांच्याकडून समजून घेईन, पण मागणी हीच राहील.

भाऊ : तुला वाटतं तेवढं सोपं नाहीये ते. घरी बोलावं लागेल. बायकोला विचारल्याशिवाय...

ताई : विचार की. तिचंही घर आहे ते. मी नाही म्हणतच नाही.

भाऊ : आणि ती नाही म्हणाली तर?

ताई : मी बाहेर बाकावर बसते. तू जिन्यात जाऊन तिला फोन कर. तिला सगळं खरं सांग, फंडाचंसुद्धा. ती नाही म्हणाली, तरी घरी पळू नकोस, नान्या. माझ्यासमोर ये आणि मला तोंडावर सांग.